एक मिनिट श्वास मोजा, मग जगाचे आकडे वाचा

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर तिथल्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताईंसोबत ओसरीत बसले होते. सात महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर डोळे मिटून पडलेलं. आजी म्हणाली, "ताई, रातीपासून पोट उडतंय त्याचं." आशाताईंनी झबलं वर केलं, सेकंदकाट्याचं घड्याळ हातात धरलं आणि पूर्ण मिनिटभर त्या पोटावरून नजर हलवली नाही. चौपन्न. दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त भरले की तो जलद श्वास. इथे तर बरगड्यांखाली छातीही आत ओढली जात होती. त्यांनी लगेच १०८ ला फोन लावला.

मी बीएएमएसनंतर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी केली आणि गेली नऊ वर्षं नाशिक जिल्ह्यात आई-बाळांच्या श्वसनसंसर्गावर संशोधन करते आहे. या क्षेत्रात यायचं म्हणणारी मुलं-मुली पहिला प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" मी सांगते, आधी श्वास मोजायला शिका. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले.

पहिल्या प्रकल्पात तीन महिन्यांची माहिती गोळा झाल्यावर एका रात्री मी श्वासांच्या नोंदींचा आलेख काढला. ४०, ४४, ४८, ५२, ५६ वर उंच खांब आणि मधल्या आकड्यांवर जवळजवळ काहीच नाही. कारण कळायला वेळ लागला नाही. रोज ठरलेले फॉर्म भरून व्हायलाच हवेत, या घाईत माहिती गोळा करणारी पोरं पंधरा सेकंद मोजून चारने गुणत होती. पंधरा सेकंदांत बारा श्वास मोजले तर ४८ होतात, म्हणजे साधा खोकला. तेरा मोजले तर ५२, म्हणजे न्यूमोनिया. एका श्वासाच्या चुकीने बाळ या रकान्यातून त्या रकान्यात! ते सगळे फॉर्म बाद करावे लागले. प्रशिक्षण मीच अर्ध्या दिवसात उरकलं होतं, त्यामुळे दोष माझाच होता. आता आमच्याकडे दोन दिवस फक्त मोजणीच चालते. बाळ शांत हवं, दूध पीत नसावं, रडत नसावं. रडलं तर थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच काम गावातल्या माणसांकडून करून घेतलं. गावपातळीवरच न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर बालमृत्यू घटतात, हे त्यांच्या अभ्यासाने १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं. मराठी मुलखात झालेलं हे काम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता जगाच्या आकड्यांकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये पाच वर्षांखालची ७ लाख ४० हजारांवर मुलं न्यूमोनियाने गेली. त्या वयातल्या एकूण मृत्यूंचा हा १४ टक्के वाटा. त्याच वर्षात आरएसव्ही या एकाच विषाणूमुळे खालच्या श्वसनमार्गाच्या संसर्गाचे सुमारे ३ कोटी ३० लाख प्रसंग आणि एक लाखावर बालमृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यातले ९७ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. हे आकडे कोणी एकेक करून मोजलेले नाहीत. जिथे मोजणी झाली तिथली माहिती घेऊन, जिथे झाली नाही तिथला अंदाज गणिताने बांधलेला असतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी खालची आणि वरची मर्यादा छापतात. नवखी मुलं मधला आकडा उचलतात आणि मर्यादा सोडून देतात. तसं करू नका. दोन मर्यादांमधली पट्टी जितकी रुंद, तितकी तिथली मोजणी तोकडी.

जगभरच्या आजारांचा आणि मृत्यूंचा हिशेब मांडणाऱ्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या अभ्यासाचं संकेतस्थळ सगळ्यांना मोफत उघडं आहे. तिथे महाराष्ट्र सापडेल, पण पेठ किंवा सुरगाणा शोधून निराश होऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आधीच्या दोन आठवड्यांत मुलाला श्वसनसंसर्गाची लक्षणं होती का, हे विचारलं जातं. जिल्ह्याच्या पातळीवर अशी मुलं इतकी थोडी मिळतात की त्यावरून ठाम काही बोलता येत नाही. तुमचं काम हवं आहे ते नेमकं इथे.

या विषयात आई आणि बाळ वेगळं काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा (अँटीबॉडीजचा) मोठा वाटा वारेतून बाळाकडे जातो. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी कमी मिळते. आरएसव्हीची लस गरोदर आईला द्यायची, ती याच आधारावर. अमेरिकेत तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. नोंदींचा घोळही इथेच होतो. फ्लूने आजारी पडलेली बाई अपुऱ्या दिवसांची बाळंत झाली आणि बाळ दगावलं, तर कागदावर कारण लागतं 'अपुरे दिवस'. फ्लू कुठेच दिसत नाही. म्हणून आमच्या फॉर्मवर आईच्या गरोदरपणातल्या ताप-खोकल्याचा रकाना आम्ही हट्टाने ठेवला आहे.

प्रश्नावली बाहेरची जशीच्या तशी उचलू नका. "स्वयंपाक कशावर करता?" असं विचारलं की उत्तर येतं गॅस, आणि आपण धूर नाही म्हणून खूण करतो. एकदा मी बाळंतिणीच्या खोलीत डोकावले. खिडकी गोधडीने बंद केलेली, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंगाची धुरी, आणि त्या धुरात बारा दिवसांचं बाळ. अंघोळीचं पाणी मागच्या दारी चुलीवर, तेही लाकडावर. तेव्हापासून आम्ही शेक, धुरी आणि पाणी तापवणं वेगवेगळं विचारतो. सरपणाऐवजी गॅस दिला की बाळांचा न्यूमोनिया घटेल, अशी अनेकांना आशा होती. भारतासह चार देशांतल्या ३,२०० गरोदर स्त्रियांवरच्या हॅपिन चाचणीत तसं दिसलं नाही. असे निष्कर्षही मन लावून वाचा.

दुसरी अडचण आपल्या रीतीभातीची. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदवलेली बाई सातव्या महिन्यानंतर सापडत नाही, मग बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांची नोंद कोण ठेवणार? त्यातून पेठ-सुरगाण्याची कुटुंबं पावसाळा सरला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या पालात थंडीत बाळ आजारी पडलं तर त्याच्या गावच्या नोंदीत ते येत नाही आणि बागेच्या गावातही येत नाही. आम्ही आता नाव नोंदवतानाच माहेरचं गाव, तिथल्या आशाताई आणि बागेच्या मुकादमाचा फोन विचारून घेतो. कटकटीचं आहे, पण हे केलं नाही तर सगळ्यात गरीब बाळंच हिशेबातून गळतात.

मृत्यूच्या घरी जावं लागतं, हेही आधीच सांगून ठेवते. डॉक्टरांपर्यंत न पोचलेल्या बाळाच्या मृत्यूचं कारण घरच्यांशी बोलून शोधतात, त्याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. तेराव्याच्या आत जाऊ नका. गेल्यावर लगेच फॉर्म काढू नका. आईला तिच्या पद्धतीने सगळं सांगू द्या, मध्ये तोडू नका. एका बाईने मला दोन तास सांगितलं, शेवटी बाळाचं टोपडं आणून हातात दिलं. त्या दिवशी पुढच्या घरी गेले नाही. प्रकल्पाचे पगार आणि मुदत सांभाळणाऱ्यांना ते पटलं नाही, पण आजही मी तसंच करेन.

संमतीपत्रही त्यांच्याच भाषेत हवं. आमच्या पहिल्या पत्रात 'श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग' होता, आता 'छाती भरणं, धाप लागणं' आहे. अंगठा घ्यायचा तर त्रयस्थ साक्षीदार हवाच.

शिक्षणाचं थोडक्यात. डॉक्टरच असायला हवं असं नाही. नर्सिंग, समाजकार्य, संख्याशास्त्र, यातून आलेली माणसं माझ्या गटात उत्तम काम करतात. एमपीएचसाठी पुणे विद्यापीठ, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) किंवा तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था बघा. लोकसंख्याशास्त्राकडे ओढा असेल तर मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था. अर्ज करण्याआधी मात्र एक काम करा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घ्या आणि लसीकरणाच्या दिवशी एएनएमताईंजवळ (तिथल्या परिचारिकेजवळ) जाऊन बसा. सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन जा. दहा बाळांचे श्वास तुम्ही मोजा, तेच ताईंना मोजायला सांगा, आणि दोघांचे आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहून शेवटी शेजारी ठेवा.