मॉन्टेनेग्रोची ऑलिंपिक वॉटर पोलो नोंद कशी लिहावी

पदकतालिका पाहाल तर पुरुषांच्या वॉटर पोलोत मॉन्टेनेग्रोपुढे शून्य सापडेल. जेमतेम सव्वासहा लाख वस्तीच्या या देशाचा खरा हिशेब अंतिम क्रमवारीत आहे, म्हणून सुरुवात तिथून करा.

आधी २००६ वर रेघ मारा. देश त्या वर्षी स्वतंत्र झाला. रेघेखाली बीजिंग २००८, लंडन २०१२, रिओ २०१६: तिन्ही वेळा चौथा क्रमांक. कांस्यपदकाचे सामने वेगळ्या रकान्यात लिहा. सर्बियाकडून ४-६, पुन्हा सर्बियाकडून ११-१२, मग इटलीकडून १०-१२. पराभव किती थोडक्यात झाले, हे क्रमांकातून कळत नाही. टोकियोत आठवा क्रमांक (नावात २०२० असले तरी सामने २०२१ चे), पॅरिस २०२४ ला उपांत्यपूर्व फेरीही हुकली.

गुणफलक उतरवताना एक जागा फसवी आहे. रिओत हंगेरीविरुद्धचा १३-११ हा आकडा पेनल्टी शूटआउटचे गोल धरून आहे. तो नुसता लिहिला तर नेहमीच्या वेळेतली बरोबरी नोंदीतून गायब होते.

आता रेघेच्या वरचा, म्हणजे २००६ आधीचा भाग, आणि चुका होतात त्या इथेच. तेव्हा मॉन्टेनेग्रो युगोस्लाव्हिया या संघराज्याचा एक भाग होता. युगोस्लाव्हियाची १९६८, १९८४ आणि १९८८ ची सुवर्णपदके त्या अख्ख्या संघराज्याची आहेत. ती मॉन्टेनेग्रोच्या बेरजेत धरू नका. १९९२ ला निर्बंधांमुळे संघ नव्हता. २००० चे कांस्य फुटून फक्त सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो एवढाच उरलेल्या युगोस्लाव्हियाचे आहे, पण ऑलिंपिक संकेताक्षरे तीच जुनी, 'वाययूजी'. संगणकावर नुसत्या संकेताक्षरांनी चाळणी लावली की दोन वेगळे देश एकत्र येतात. २००४ चे रौप्य 'सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो' या नावावर. अनेक याद्या हा सगळा वारसा सर्बियाला देतात, तेव्हा यादीचा नियम तपासूनच आकडा उचला.

खेळाडूंचा तक्ता मात्र रेघ ओलांडून करा. वेल्को उस्कोकोविच २००० चा कांस्यविजेता आणि २००८ चा मॉन्टेनेग्रोचा खेळाडू. व्लादिमिर गोयकोविच २००४ ला रौप्यविजेत्या संघात, २००८ ला मॉन्टेनेग्रोकडून, पुढे त्याच संघाचा प्रशिक्षक. देशाचे पदक आणि खेळाडूचे पदक एकाच रकान्यात घातले, तर बेरीज कधीच जुळणार नाही.

२००८ चे युरोपियन विजेतेपद आणि २०१३ चे जागतिक रौप्य वेगळ्या पानावर ठेवा. लंडन २०१२ चे रौप्य महिला हँडबॉलचे आहे. ते या वहीत येत नाही.