कपाशीची पाने भेंडीसारखी झाली? आधी पंप बघा

पावसाने उघडीप दिली की दोन कामे एकाच फवारणी पंपावर येतात. सकाळी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गाजरगवतावर 2,4-डी हे तणनाशक, दुपारी कपाशीवर तुडतुड्यांचे औषध. मधल्या वेळात पंप विहिरीवर नेऊन दोनदा विसळायचा, झाले धुणे. एवढ्या सवयीपायी उभी कपाशी हातची जाताना मी बघत आलोय.

2,4-डी कपाशीला अगदी थोडे लागले तरी पुरते. नळीत, नोझलमध्ये, वॉशरखाली अडकलेले थेंबही नुकसानीला पुरतात. काही दिवसांत नवी पाने भेंडीच्या पानासारखी चिरतात, निमुळती होतात, पात्या (फुलाच्या कळ्या) गळतात. झाड दुकानात नेले की 'व्हायरस आहे' म्हणत टॉनिकची महागडी बाटली हातात ठेवतात. टॉनिकने 2,4-डी उतरत नाही. बिघडलेले शेंडे खुडा आणि 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया मिसळून फवारा. फूट नवी येते. गेलेले दिवस येत नाहीत.

आणि ते विसळलेले पाणी कुठे गेले? विहिरीच्या काठाशी मुरले. त्याच विहिरीवर गुरे पितात, पुष्कळ घरी माणसेही. पाणी उकळून हे जात नाही. काळ्या जमिनीला भेगा असतील तर ते आणखी लवकर खाली उतरते.

म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, झाकणाला लाल रंग फासा. ड्रम आणि माप घ्यायचे झाकणही वेगळे. पंप जुना असला तरी चालेल, पण गळका नको. एकच पंप असेल तर धुण्याच्या सोड्याचे पाणी नळी-नोझलसकट रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी तीनदा धुवा. हे सगळे विहीर, बोअर, नाला, गुरांचा हौद यांपासून लांब. धुवण त्याच धुऱ्यावर फवारून टाका. बाटलीही तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोके पाडा. जाळू नका, धूर विषारी असतो.

माझा आडाखा, पुस्तकात नाही: शंका असेल तर त्या पंपातले साधे पाणी परसातल्या टोमॅटोच्या एका रोपावर मारा. चार-पाच दिवसांत शेंडा पिळला तर तो पंप कपाशीत नेऊ नका.

बाकी नेहमीची कामे:
- निंबोळी अर्क 5 टक्के
- गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (वासाने नर पतंग ओढणारे), हेक्टरी 5
- तुडतुडे दर पानाला 2-3 दिसले तरच फ्लोनिकामिड 50 टक्के हे कीटकनाशक, 10 लिटरला 3 ग्रॅम
- हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याकडे पाठ. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विष बाधून माणसे गेली

शेजाऱ्याची कपाशी धुऱ्याला लागून असेल तर 2,4-डी मारूच नका. उन्हात त्याची वाफ वाऱ्याने पलीकडे जाते आणि भांडण कपाशीपेक्षा जास्त टिकते. गाजरगवत फुलायच्या आत, ओल असताना, हातमोजे घालून उपटा.