सॅन वान नदीवर आठ दिवस जायचंय? आधी तुरटी घ्या

अमेरिकेत युटाच्या दक्षिण टोकाला सॅन वान नदी आहे, स्पेलिंग बघून आपण जुआन म्हणतो पण तिथले सगळे वानच म्हणतात. सँड आयलंडला राफ्ट पाण्यात टाकायची आणि क्ले हिल्सला बाहेर काढायची, 84 मैल म्हणजे साधारण 135 किलोमीटर. मध्ये मेक्सिकन हॅट सोडलं तर गाव नाही, फोनला रेंज नाही, नुसते तापलेले कडे. रॅपिड्स, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, फार अवघड नाहीत म्हणून लोक हलक्यात घेतात, पण खरी फजिती होते ती पॅकिंगमध्ये.

परमिटची लॉटरी डिसेंबर-जानेवारीत रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर लागते, नंबर नाही लागला तरी साइट बघत राहा, लोक कॅन्सल करतात. डावा काठ नवाहो नेशनचा, म्हणजे नवाहो या मूळनिवासी जमातीच्या स्वतःच्या प्रदेशाचा आहे, तिकडे तंबू ठोकायचा किंवा वर चढून फिरायचं तर त्यांचं वेगळं परमिट काढायचं. मे-जून बेस्ट, पाणी 500 क्युसेकच्या खाली गेलं की राफ्ट वाळूत अडकते आणि सगळ्यांना उतरून ढकलायला लागते.

आता मुद्द्याचं, गाळ. पाणी पावसाळ्यातल्या पंचगंगेसारखं, तसंच गढूळ. पिण्याचं पाणी माणशी रोज 4 लिटर धरा, आम्ही सहा जण म्हणजे आठ दिवसांचं 192 लिटर, एवढे कॅन बघून मी म्हटलं थोडं नदीचं फिल्टर करू की. महागडा फिल्टर तिसऱ्या बाटलीला चोंदला! मग आजीचा उपाय: संध्याकाळी बादली भरायची, तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवायचा, झाकून ठेवायचं. सकाळी तळाला बोटभर चिखल आणि वर नितळ पाणी. ते हलक्या हाताने ओतून घ्या आणि मगच फिल्टर करा आणि उकळा, तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

टॉयलेटचा डबा कंपल्सरी आहे, घट्ट झाकणाचा, सगळं त्यात करून बरोबर परत न्यायचं. त्याला ग्रूव्हर म्हणतात कारण पूर्वी सीट नसायची, लष्करी डब्याच्या कडांचे वळ बुडावर उमटायचे. लघवी मात्र थेट नदीत, आपल्याला विचित्र वाटतं पण वाळवंटात पाऊस फारसा नाही त्यामुळे काठावर केलेलं धुवून जात नाही, महिनाभरात सगळा कॅम्प वास मारायला लागतो. शेकोटी लोखंडी ट्रेमध्येच, राखही घरी. भांड्यांचं पाणी गाळून नदीत, गाळणीत उरलेली शितं आणि चहाचा चोथा कचऱ्याच्या पिशवीत.

रिव्हर हाउस नावाचं शेकडो वर्षांपूर्वीचं, पुएब्लो या तिथल्या मूळनिवासी लोकांचं दगडी घर लागतं, बघा, पण भिंतीला टेकू नका आणि खापरीचा तुकडा खिशात टाकू नका. पुढे गूझनेक्सला नदी 6 मैल वळणं घेते आणि पश्चिमेला सरकते फक्त दीड मैल. सपाटीवर नागमोडी वाहणारी नदी होती, पठार हळूहळू वर उचललं गेलं आणि तिने तीच वळणं खाली कोरत नेली, आता कडे 300 मीटर उंच.

क्ले हिल्स चुकवू नका, खाली धबधबा आहे. ग्लेन कॅन्यन धरणाच्या लेक पॉवेलमध्ये नदीने गाळ आणून टाकला, नंतर तलाव उतरला तेव्हा नदीला जुनं पात्र सापडलंच नाही, गाळातून नवीन वाट काढली आणि ती निघाली खडकाच्या कडेवरून, थेट 6 मीटर खाली. त्यामुळे रेझरबॅक सकर हा दुर्मिळ मासा वर चढू शकत नाही, संशोधक त्याला खाली पकडतात आणि वर आणून सोडतात. वरच्या अंगाला 1962 चं नवाहो धरण आहे, तिथून पुरेसं पाणी असेल त्या वर्षी वसंतात मुद्दाम जास्त सोडतात, पूर्वीच्या पुरासारखं, याच माशांसाठी. तुमची राफ्ट चालते तीही त्याच पाण्यावर.

शटलवाल्याला, म्हणजे पैसे घेऊन गाडी पोचवणाऱ्याला, तुमची गाडी सँड आयलंडहून क्ले हिल्सला आणून ठेवायला सांगा. तो रस्ता कच्चा, पाऊस पडला की चिकट चिखल होऊन गाडी निघत नाही, म्हणून एक दिवसाचं जेवण जास्तीचं ठेवा. आमचा मेतकूट-भात त्यातच संपला.