लॉनची कड सरळ हवी असेल तर आधी वाफसा बघा

लॉन कितीही हिरवंगार असू द्या, कड फाटकी असली की सगळी बाग विस्कटलेली दिसते. बजाजनगरात आमच्या घरापुढे हरळीचं लॉन आहे. नोकरीची सगळी वर्षं मी बांधकामावर ओव्हरसियर होतो, त्यामुळे वाकडी रेघ मला बघवत नाही. बागकामाला येणारा मुलगा दर वेळी म्हणतो, "काकाजी, मशीन मारून देतो ना, कायले दोरी बांधून राहिले?" पण मशीन कापते ती गवताची पाती. कड कापायची ती मातीत. हरळी जमिनीवरून धावते तशी जमिनीखालूनही सरकते. नुसती वरून छाटली, तर पावसाळ्यात बघता बघता शेवंतीच्या वाफ्यात शिरते.

नागपुरात खरा प्रश्न आहे तो हे काम कधी करायचं, याचा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि आपली काळी माती भेगाळते. तेव्हा पातं मारलं की अख्खं ढेकूळ उखडतं आणि कडेला खिंडार पडतं. ऐन पावसात तीच माती पात्याला चिकटून वर येते आणि पायाखाली कड दबते. म्हणून वाफसा बघायचा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी, अशी कामाजोगी झाली आहे का ते. कडेची मूठभर माती घ्या, गोळा वळा आणि अंगठ्याने दाबा. गोळा फुटला तर कामाला लागा. न फुटता चपटा झाला आणि बोटाला लेप बसला, तर अजून दोन दिवस थांबा. गोळाच वळला जात नसेल, तर कडेने सावकाश पाणी सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. मुख्य कापणी मी पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास करतो. दुसरी जुलैमध्ये, चांगली उघडीप मिळाली की.

हत्यारं थोडकीच लागतात. अर्धगोल पात्याचा, उभ्या दांड्याचा एजर मिळाला तर उत्तम. नाहीतर चपट्या, सरळ पात्याची स्पेड चालते. इतवारीतल्या लोहाओळीत चक्कर मारा आणि पातं हातात धरून, निरखून घ्या. नेहमीचं फावडं इथे उपयोगाचं नाही. त्याचं पातं दांड्याशी कोनात असतं, त्यामुळे माती तिरपी ओढली जाते. कोणतंही पातं घ्या, त्याला आधी कानशीने धार लावा. बोथट पातं हरळीच्या मुळ्या कापत नाही, नुसत्या चेंगरतं.

दोन टोकांना खुंट्या ठोका आणि गवंड्याची लाईनदोरी ताणून बांधा. दोरी जमिनीपासून बोटभर वर असू द्या, गवताला टेकली की ती सरकते. कोपरा काटकोनात हवा असेल तर एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजा. तिरपं अंतर बरोबर 5 फूट भरलं पाहिजे. गोलाईसाठी पाण्याचा पाइप उन्हात नरम करून हवा तसा वळवा आणि त्याच्या कडेने रांगोळी टाका.

आता दोरीलगत लॉनच्या बाजूला एक रुंद फळी टाका आणि तिच्यावर उभे राहा. तुमचं वजन फळीवर पसरतं, कड दबत नाही आणि पात्याला आधारही मिळतो. पातं अगदी उभं धरा. पाय देऊन साधारण तीन इंच खाली घाला, डावीकडे-उजवीकडे थोडं झुलवा आणि सरळ वर काढा. पुढचा घाव आधीच्या घावावर थोडा चढवूनच घाला, नाहीतर मधे दात राहतात. वाफसा साधला असेल तर कड सुरीने कापलेल्या वडीसारखी स्वच्छ सुटते आणि तिच्यात पांढऱ्या मुळ्यांची कापलेली टोकं दिसतात. मग वाफ्याच्या बाजूने खुरपं तिरपं लावून पट्टी उचला. लॉनची बाजू उभी आणि वाफ्याची उतरती, अशी छोटी चारी तयार होते. ठिबकची नळी किंवा दिव्याची वायर कुठून गेली आहे, ते मात्र घाव घालण्याआधी बघून घ्या.

कडेला विटा लावाव्यात का, असं बरेच जण विचारतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर नुसत्या ठेवलेल्या विटा वर्षभरात वाकड्या होतात. लावायच्याच असतील तर खाली मुरूम चांगला धुमसून घ्या. माझं मत चारीच्या बाजूने आहे.

पुढे फक्त राखण करायची. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी चारीवर लोंबणारे धुमारे लांब दांड्याच्या कात्रीने छाटा, थंडीत महिन्यातून एकदा पुरे. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं खारट पाणी कडेला ओतू नका, गवत करपतं.

उपसलेली हरळी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. तिचं एक पेर ओलं राहिलं तरी पुन्हा फुटतं. गच्चीवर उन्हात पसरा आणि कुरकुरीत वाळल्यावरच खड्ड्यात टाका.