प्रकाशाच्या ठिपक्यावरून गोल्फचा स्विंग कसा सुधारावा

गोल्फचा स्विंग सुरू झाल्यापासून क्लब चेंडूला लागेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यातला खाली येण्याचा भाग पाव सेकंदाच्या आसपास उरकतो. एवढ्या वेळात शाफ्ट (क्लबचा दांडा) नेमका कुठून गेला हे खेळणाऱ्याला दिसत नाही, त्याला फक्त तसं वाटतं. आणि वाटणं फसवं असतं. ‘मी क्लब आतूनच, म्हणजे अंगाच्या बाजूनेच, आणतो’ असं ठामपणे सांगणाऱ्याचा व्हिडिओ काढला, की क्लब बाहेरून चेंडूला कापत येताना दिसतो. व्हिडिओ चूक दाखवतो, पण स्विंग संपल्यावर. प्रकाश टाकणारं साधन तीच चूक हात हवेत असतानाच जमिनीवर रेखून दाखवतं. मला या साधनांचं मोल वाटतं ते यासाठी.

खालच्या सगळ्या सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी दिशा उलट धरावी.

साधन निवडताना

सगळ्यात उपयोगी प्रकार काठीचा. दोन-अडीच फुटांची काठी, धरायला क्लबसारखी ग्रिप आणि दोन्ही टोकांना लेझर. एक ठिपका क्लबहेडच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाच्या, बाजूने पडतो, दुसरा ग्रिपच्या टोकातून. काही साधनं क्लबच्या शाफ्टलाच चिमट्यासारखी बसतात, पण घरात काठी बरी. त्याचं कारण पुढे येईल. पटरच्या (चेंडू होलमध्ये घरंगळवायच्या क्लबच्या) फेसला, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूला, चिकटवायचे छोटे लेझर वेगळे मिळतात. कमरेच्या पट्ट्याला किंवा टोपीला लावायचेही असतात, पण सुरुवातीला ते घेऊ नका. एका वेळी एकच ठिपका पाहता येतो.

पैसे घालण्याआधी खात्री करून घ्यायची असेल, तर प्लंबिंगच्या पाइपचा दोन फुटांचा तुकडा घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांना पेनाएवढी एकेक टॉर्च टेपने घट्ट बांधा, तोंडं बाहेरच्या दिशेने. प्रकाश थोडा पसरतो, पण अंधारलेल्या खोलीत दिशा स्पष्ट कळते. दोन आठवडे याच्यावर सराव करून मग ठरवा. जमिनीवर सरळ रेघ हवी असेल, तर फरशी बसवणारे मिस्त्री वापरतात तो लेझर लेव्हल चालतो. गोल्फसाठी म्हणून वेगळा घ्यायची गरज नाही.

लेझर घेताना त्याच्यावरची पट्टी वाचा. ‘क्लास २’ म्हणजे दिसणारा प्रकाश आणि शक्ती १ मिलिवॉटच्या आत. हा चुकून डोळ्यांवर आला तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि सहसा इजा होत नाही. पट्टीच नसलेला, रस्त्यावर स्वस्तात मिळणारा पॉइंटर घेऊ नका. हिरव्या रंगाबाबत तर जास्तच जपा. आपल्या डोळ्यांना हिरवा रंग लाल रंगापेक्षा उजळ दिसतो, म्हणून तो घ्यावासा वाटतो. पण हलक्या प्रतीच्या हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडू शकतो आणि न दिसणाऱ्या प्रकाशापुढे पापणी मिटत नाही.

खोली आणि रेघ

आधी वर बघा. आपल्या फ्लॅटची छतं नऊ-साडेनऊ फुटांची असतात आणि मधोमध पंखा असतो. पूर्ण लांबीचा क्लब इथे फिरवू नका. आखूड काठी बरी म्हटलं ते यासाठीच. काठी हातात घेऊन अगदी सावकाश एक पूर्ण फेरी मारून पाहा, कुठे काही लागत नाही ना. पंखा बंदच ठेवा.

मग खाली बघा. सरळ रेघ आपल्या घरात आयती असते, दोन फरश्यांमधला सांधा. एक सांधा टार्गेट लाइन, म्हणजे चेंडूपासून लक्ष्याकडे जाणारी रेघ, माना, त्यावर चेंडू ठेवा आणि पायाची बोटं त्याला समांतर ठेवून उभे राहा. शेजारचा सांधा साधारण दोन फुटांवर असतो, तो बोटांच्या रेषेसाठी कामाला येतो. पाय लक्ष्याकडे रोखायचे नाहीत. रुळांच्या जोडीसारखं आहे हे: एका रुळावर चेंडू, दुसऱ्यावर तुम्ही, दोन्ही रूळ समांतर. या दोन्ही रेषा जिथे समोरासमोरच्या भिंतींना भेटतात, तिथून वर छातीपर्यंत कागदी टेपची एकेक पट्टी चिकटवा. ती का, ते लवकरच कळेल.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी मात्र आरशासारखी वागते. ठिपका तिच्यावरून उसळून वर येतो. टार्गेट लाइनच्या आजूबाजूला जुनी सतरंजी किंवा चटई अंथरा आणि तिच्यावर सांध्याच्या सरळ रेषेत टेप लावा. आरशाचं कपाट आणि टीव्ही चादरीने झाका. घरात लहान मूल किंवा मांजर असेल, तर दार लावून घ्या. मांजर ठिपक्यामागे धावणारच.

पुण्या-मुंबईकडे जून ते सप्टेंबर रेंजवर (चेंडू मारायच्या सराव मैदानावर) जाणं पावसाच्या मर्जीवर असतं. संध्याकाळी पडदे ओढून करायच्या या सरावाला ते महिने उत्तम. भर उन्हात तसाही ठिपका दिसत नाही.

ठिपका कुठे असायला हवा

१९५७ साली बेन होगन या अमेरिकन गोल्फरने एक कल्पना मांडली: चेंडूपासून तुमच्या खांद्यांवर रेललेली एक मोठी तिरकी काच आहे असं समजा. क्लब ज्या पातळीवर फिरतो ती पातळी डोळ्यांसमोर आणायला मला अजूनही याहून सोपी युक्ती सापडलेली नाही. काचेची खालची कड म्हणजे टार्गेट लाइन. शाफ्ट अशा तिरक्या पातळीवर सपाट पडून सरकत असेल, तर त्याचं जमिनीकडचं टोक नेहमी त्या खालच्या कडेकडेच बोट दाखवेल. प्रकाशाचा ठिपका म्हणजे तेच बोट.

आता पायरीपायरीने.

१. चेंडूसमोर उभे राहा. खालच्या टोकाचा ठिपका चेंडूवर आणा.

२. काठी सावकाश मागे न्या. ठिपका रेघेवरून उजवीकडे सरकत जाईल. थोडा आत, म्हणजे तुमच्याकडे आला तरी चालेल.

३. काठी कमरेच्या उंचीला जमिनीशी समांतर झाली, की ठिपका जमीन सोडून उजव्या भिंतीवर चढतो. इथे थांबा. ठिपका बोटांच्या रेषेच्या टेपवर किंवा तिच्या अगदी जवळ हवा. तुमच्या पाठीकडे गेला असेल, तर काठी फार आत ओढली गेली. चेंडूच्या टेपपलीकडे गेला असेल, तर हात बाहेर ढकलले गेले. भिंत जितकी लांब तितकी चूक मोठी दिसते, त्यामुळे दोन-चार इंचांवरून स्वतःला छळू नका.

४. आणखी वर जा. आता ग्रिपचं टोक खाली वळतं आणि त्याचा ठिपका जमिनीवर येतो. डावा हात जमिनीला समांतर झाला की पुन्हा थांबा. ठिपका चेंडूच्या रेघेवर किंवा रेघ आणि बोटं यांच्यामध्ये असावा. बोटांच्याही आत आला, तर शाफ्ट फार उभा आहे. रेघेच्या बराच पलीकडे पडला, तर शाफ्ट फार आडवा झालाय. तसं झालं तर बहुधा मनगटं वर मोडण्याऐवजी हात कोपरापासून गोल फिरलेले असतात.

५. वरून परत फिरा. सगळ्या लेखातली महत्त्वाची जागा हीच. हौशी खेळाडूंचा स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) बहुतेकदा इथे जन्मतो: उजवा खांदा पुढे झेपावतो, शाफ्ट उभा होतो आणि ठिपका रेघ सोडून झपकन पायांकडे येतो. ठिपका रेघेवर किंवा तिच्या किंचित पलीकडे राहिला, तर शाफ्ट योग्य वाटेने उतरतोय.

६. चेंडू पार करून पुढे जा. डाव्या बाजूला कमरेच्या वर गेल्यावर ग्रिपचं टोक पुन्हा खाली बघतं आणि त्याचा ठिपका परत रेघेजवळ दिसला पाहिजे.

पाचव्या पायरीवर अडलात, तर पूर्ण स्विंग सोडून द्या आणि तेवढाच तुकडा करा. वर जा, एक श्वास थांबा, पाठ अजून लक्ष्याकडे असतानाच हात सरळ खाली पडू द्या, डावा हात समांतर झाला की थांबा. ठिपका पाहा, परत वर जा. हे वीस वेळा. पहिल्या दिवशी फार विचित्र वाटेल, जणू क्लब पाठीमागेच राहिलाय. ते वाटणं लक्षात ठेवा, कारण पुढे रेंजवर तेच शोधायचं आहे.

वेग आणि मोजणी

चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये वर जायला लागणारा वेळ खाली येण्याच्या साधारण तिप्पट असतो. घरी सावकाश करताना हे प्रमाण मोडू नका. केरव्याच्या आठ मात्रा मनात धरा: सहा मात्रांत वर, दोन मात्रांत खाली. तबला ऐकून मोठं झालेल्यांना हे चटकन जमतं. लय आणखी संथ करायची असेल तर मात्रा लांबवा, पण वाटणी सहा आणि दोनचीच ठेवा.

ठिपक्याच्या मागे डोळ्यांनी धावायची सवय लागते, तिच्यापासून सावध राहा. ठिपका उजवीकडे गेला की मान वळते, मान वळली की खांदे वळतात आणि स्विंगच बिघडतो. नजर चेंडूच्या जागेवर ठेवा, ठिपका नजरेच्या कडेला दिसू द्या. नीट पाहायचा असेल तर थांबून पाहा.

प्रकाश बंद करा

सतत मिळणाऱ्या खुणेची शरीराला चटक लागते. खूण असेपर्यंत सगळं बरोबर, खूण गेली की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून सुरुवातीपासूनच असं करा: पाच फेऱ्या प्रकाश लावून, पाच बंद करून. बंद फेरीत मध्येच कुठेतरी थांबा, आधी मनात ठरवा की ठिपका कुठे असेल, मग बटण दाबून पडताळा. अंदाज आणि ठिपका जुळायला लागले, की सुधारणा खरोखर तुमच्या हातात उतरलीय. माझ्या मते अख्ख्या सरावातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि बहुतेक लोक नेमका तोच गाळतात. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

रेंजवर सात नंबरची आयर्न (मध्यम पल्ल्याचा क्लब) घ्या आणि अर्ध्या वेगाने सुरुवात करा. चेंडू मारताना शाफ्टवर कुठलंही साधन लावू नका. थोड्याशा जादा वजनानेही क्लबची जाणीव बदलते, आणि साधन निसटून उडालं तर कुणाला तरी लागेल. चेंडू कुठे गेला यापेक्षा घरचं ते विचित्र वाटणं पुन्हा मिळालं का, हे पाहा. एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी: काठीचा ठिपका शाफ्टची वाट दाखवतो, क्लबफेस कुठे बघतोय ते दाखवत नाही. चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. वाट सुधारूनही चेंडू उजवीकडेच जात असेल, तर ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पद्धत, तपासायला प्रोकडे (प्रशिक्षकाकडे) जा.

कोर्सवर मात्र ही साधनं बॅगेतून काढायचीच नाहीत. फेरी चालू असताना स्विंग सुधारण्याचं साधन वापरायला गोल्फच्या नियम ४.३ नुसार मनाई आहे. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळायच्या प्रकारात) पहिल्या चुकीला दोन स्ट्रोकचा दंड, दुसऱ्या चुकीला थेट बाद.

पटिंगसाठी

इथे प्रकाश फेसचीच दिशा दाखवतो, म्हणून उपयोग आणखी थेट आहे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४ सेंटिमीटर. पटरचा फेस फक्त १ अंश उघडा राहिला, तर ३ मीटरवर चेंडू ५.२ सेंटिमीटर बाजूला पोहोचतो, होलच्या अगदी ओठावर. १ अंश डोळ्यांना दिसत नाही, ठिपक्याला दिसतो.

भिंतीपासून ३ मीटरवर उभे राहा, भिंतीवर खाली टेपची उभी खूण करा. पटरच्या फेसला लेझर लावा, पण बंद ठेवा. नेहमीसारखा नेम धरा, समाधान झालं की घरच्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा. ठिपका खुणेपासून डावीकडे-उजवीकडे किती पडला ते सेंटिमीटरमध्ये लिहा. पटर बाजूला ठेवा, चार पावलं चाला, पुन्हा या. असं दहा वेळा. फेसला लेझर बसत नसेल, तर आरशाचा छोटा सपाट तुकडा चिकटवा आणि लेझर भिंतीपाशी ठेवून आरशावर सोडा. आरसा १ अंश फिरला की परतणारा किरण २ अंश फिरतो, त्यामुळे चूक दुप्पट दिसते. पटरच्या फेसला साधारण ३ अंशांचा लॉफ्ट (वरच्या दिशेचा कल) असतो म्हणून परतलेला ठिपका भिंतीवर सुमारे एक फूट वर सापडेल. उंचीकडे दुर्लक्ष करा, आडवं अंतर मोजा. या वेळी भिंतीपाशी खाली कुणी बसलेलं नसावं.

दहाही आकडे एकाच बाजूला असतील, तर तुमचा नेम पक्का आहे, फक्त सरकलेला आहे. चेंडू अर्धा चेंडूभर जवळ किंवा लांब ठेवून पाहा, डोळ्यांची जागा बदलली की रेघही वेगळी दिसते. आकडे दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील, तर आधी रोज त्याच क्रमाने उभं राहायला शिका: आधी फेस, मग पाय.

नेम जमला की स्ट्रोककडे वळा. जमिनीवर लेझर लेव्हलची रेघ टाकून तिच्यावरून पटर सावकाश मागेपुढे न्या. पटर रेघेवरून अगदी सरळ जावा म्हणून हात ताणू नका. नियमानुसार पटरचा शाफ्ट उभ्या रेषेपासून निदान १० अंश कललेला असावा लागतो, त्यामुळे लांब स्ट्रोकमध्ये पटर दोन्ही टोकांना थोडा आत येणं स्वाभाविक आहे. चेंडूच्या आधी आणि नंतरची वीतभर जागा तेवढी रेघेवर ठेवा.

दोन आठवड्यांनी दहा नेमांची चाचणी पुन्हा घ्या, त्याच वहीत, जुन्या आकड्यांच्या शेजारी.