पावसात धावताना वेळेचा हिशेब हातावर

भर पावसात घड्याळाच्या टचस्क्रीनवर थेंब पडले की ते आपोआप पानं बदलतं, कधी थांबतंही. मनगटावर पेनाने लिहिलेल्या वेळा पाचव्या किलोमीटरलाच वाहून जातात. माझा तर निळा ओघळ टी-शर्टवर उतरला होता.

१. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. बॉलपेनने मोठ्या अक्षरांत फक्त चार टप्प्यांच्या वेळा लिहा. उदाहरणार्थ, ४ तासांत मॅरेथॉन, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. मग तास:मिनिटांत १० किमी ०:५७, अर्धं अंतर २:००, ३० किमी २:५१, ४० किमी ३:४७.
२. पट्टीला दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक सेलोटेप लावा. कडेला टेप थोडी बाहेर राहू द्या, नाहीतर पाणी शिरतं.
३. मनगटाभोवती सैलसर चिकटवा.
४. घड्याळाचा टच बंद करून किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपचं (त्या टप्प्याची वेळ नोंदवणारं) बटण दाबा.

साताऱ्याच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनला सरासरी वेग लिहू नका. चढाच्या आणि उताराच्या वेळा वेगळ्या काढा.

आणि पट्टीपेक्षा मिनिटभर मागे पडलात तरी ओल्या उतारावर ते भरून काढायला जाऊ नका. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय हमखास सरकतो.