बेने इस्रायली आडनावावरून मूळ गाव कसे शोधावे

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहीमकर, नवगावकर, दिवेकर. रायगड जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवले की कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची ही आडनावे एकेक करून सापडत जातात. समाजाची परंपरा अशी की, पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांचे वंशज आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे त्यांनीही गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव लावले. त्यामुळे आडनावातून कळते ते इतकेच, की हे घराणे कधीकाळी अमक्या गावचे होते. जात-धर्म त्यावरून ठरवू नये. दिवेकर बेने इस्रायलींत आहेत तसे ब्राह्मणांतही आहेत.

आधी 'कर' असलेले आडनाव मिळवा

पुष्कळ घरांत वडिलांचे किंवा आजोबांचे नावच पुढे आडनाव होऊन बसले: सॅम्युएल, मोझेस, बेंजामिन, इझिकिएल. हिंदी चित्रपटांतले अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. हातात फक्त 'डेव्हिड अब्राहम' असलेला कागद असेल तर चौल या मूळ गावाचा पत्ता लागणारच नाही. म्हणून केतुबा (विवाहाचा करारनामा), सिनेगॉगमधली (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली) विवाहांची नोंदवही, आजी-आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पलटणीतल्या नोकरीचे किंवा पेन्शनचे कागद असे जे मिळेल ते गोळा करा. आजीच्या माहेरचे आडनावही टिपून ठेवा, पुढे ते हटकून उपयोगी पडते.

जुन्या कागदांत व्यक्तींची नावे मराठी वळणाची असतात. सॅम्युएलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बन्नाजी. मुंबईतले पहिले सिनेगॉग, 'शआर हारहमीम', 1796 साली बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ. हे लक्षात घेतले नाही तर एका माणसाचे दोन होतात आणि वंशावळीत एक पिढी नाहक वाढते.

आडनाव देवनागरीत पक्के करा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. इंग्रजी लिपीत ल आणि ळ, त आणि ट, न आणि ण यांत फरक राहत नाही, आणि 'कर'चे 'केर'ही होते. एकाच स्पेलिंगमधून तळकर निघेल आणि तालकरही. मधला एक 'एच' गळला असेल तर थळकरसुद्धा. तळे हे गाव वेगळे, अलिबागजवळचे थळ वेगळे. नागावकर आणि नवगावकर यांचीही अशीच गल्लत होते. इस्रायलमधल्या नातेवाइकांकडचे कागद आणखी अवघड, कारण हिब्रूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. अंदाज बांधत बसण्यापेक्षा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून आडनाव मोठ्याने म्हणवून घ्या. ते नेमके कसे उच्चारतात ते देवनागरीत लिहा, जमल्यास रेकॉर्ड करा.

'कर' काढून गावाचे नाव पूर्ववत करा

पेण, झिराड, नवगाव या नावांना 'कर' सरळ लागतो. अष्टमी आणि पेझारी यांचा शेवटचा स्वर गळून अष्टमकर, पेझारकर होते. रोह्याला जुन्या लोकांत रोहे म्हणतात, म्हणून रोहेकर. किहीमचे केहीमकर झाले. जोडनावाचा दुसरा भाग गळतो, म्हणून दिवे आगरचे दिवेकर. अष्टमीचा तिथीशी संबंध जोडू नका; कुंडलिका नदीपलीकडे, रोह्यासमोरच ते गाव आहे. राजपूरकरांसाठी जंजिऱ्यासमोरची राजपुरी आधी पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरचे लोक राजापूरकर, आणि एका कान्याने शोध भलत्याच जिल्ह्यात जातो.

अशी सगळी संभाव्य गावे कागदावर मांडा आणि जनगणनेच्या गावयादीत तालुक्यानुसार तपासा. 1883 चे कुलाबा-जंजिरा गॅझेटियरही (ब्रिटिशकालीन सरकारी माहितीग्रंथ) जवळ असू द्या. जुन्या नोंदीत 'कुलाबा' दिसले की मुंबईतला कुलाबा समजू नका. रायगड जिल्ह्याचे 1981 पर्यंतचे नाव तेच. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता. त्यामुळे दिवे आगर किंवा राजपुरीच्या नोंदी त्या काळच्या कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरात शोधून हाती काही लागत नाही.

कबरस्तानात खात्री करा

गाव जुळले म्हणजे काम झाले असे नाही. तिथे किंवा शेजारच्या गावात ज्यू कबरस्तान आहे का, ते विचारा. काही कबरींवर मराठी आणि हिब्रू दोन्ही मजकूर असतो. दगड मऊ ब्रशने आणि साध्या पाण्यानेच स्वच्छ करा. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू यांनी दगडाचे नुकसान होऊ शकते. फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढा, बाजूने प्रकाश पडला की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.

हिब्रू वर्ष अक्षरांत असते आणि हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. ताव 400, रेश 200, आयिन 70, मिळून 670, म्हणजे 5670. यातून 3760 वजा केले की 1910 येते. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते. मृत्यू त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर 3761 वजा करा, नाहीतर वर्ष एकाने पुढे जाते.

शेवटी दोन गावे सारखीच संभाव्य उरली, उदाहरणार्थ अलिबागचे नागाव आणि उरणचे नागाव, तर आजीच्या माहेरच्या आडनावाचे गाव कोणाच्या जवळ पडते ते पाहा. सोयरीक बहुधा पंचक्रोशीतलीच असे. तरीही उलगडा झाला नाही तर वंशावळीत दोन्ही गावे लिहा आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले ते नोंदवा.